नजर गेल्यावर मोशी ते चाकण

सुरुवात लाल वायरीपासून झाली.

चाकणच्या एका कंपनीत मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करते. उभ्या बोर्डावर रंगीबेरंगी वायरी लावायच्या, टोकांना प्लास्टिकचे कनेक्टर बसवायचे, टेप गुंडाळायची आणि तयार जुडगा पुढे द्यायचा. आर्या, माझी मुलगी, बालवाडीत जायला लागली तेव्हापासून मी या लाइनवर आहे. एका सकाळी लाल वायर मला विटकरी दिसायला लागली. वाटलं, स्टोअरनं वेगळा माल पाठवला असेल. शेजारच्या बोर्डावरच्या सुरेखाला म्हटलं, "ही लाल बघ गं, कसली मळकी आलीय."

"मळकी कुठंय? लालभडक तर आहे," ती म्हणाली.

त्या दिवशी तपकिरीच्या जागी माझ्या हातून लाल गेली. टेस्टिंगला ती पकडली. आमचे प्रॉडक्शन मॅनेजर जाधव सर नुसतं म्हणाले, "मनीषा, तुमच्या बोर्डावर?" मला रडूच आलं.

डावा डोळा फिरवला की मागून कुणीतरी दोरीनं ओढतंय असं दुखायचं. नंबर वाढला असेल म्हणून मोशीतल्या चष्म्याच्या दुकानात गेले. दुकानदारानं एकामागून एक काचा लावून पाहिल्या आणि सगळ्या काढून ठेवल्या. "ताई, चष्म्याचं काम नाही हे. मोठ्या दवाखान्यात दाखवा. उद्या नाही, आजच." तो मला सहज एखादा चष्मा विकू शकला असता. आजही त्या दुकानावरून जाताना मी मनात त्याला नमस्कार करते.

वायरिंग फॉल्ट

माझे यजमान संतोष भोसरीत एका वर्कशॉपमध्ये मशीन चालवतात. ते तसेच कामाच्या कपड्यांत आले आणि आम्ही पिंपरीच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये गेलो. डॉक्टर वयानं माझ्यापेक्षा लहान होत्या. त्यांनी लाल पेनाचं टोपण माझ्यासमोर धरलं. उजव्या डोळ्यानं बघायला लावलं, मग डाव्या.

"दोन्हीकडं सारखंच लाल?"

"डावीकडं ते लाल नाहीच," मी म्हटलं.

त्यांनी लगेच कागद लिहायला घेतला. मग तपासण्या, एमआरआय, रक्त. निदान सांगताना त्यांनी दरवाजा लावून घेतला. त्या म्हणाल्या, "डोळा चांगला आहे. डोळ्याकडून मेंदूकडं जी नस जाते, तिला सूज आलीय. तुमच्याच शरीराची ताकद चुकून तिच्यावर उलटलीय."

"म्हणजे वायरिंग फॉल्ट," मी म्हटलं.

डॉक्टर हसल्या. मीही हसले. संतोष हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "दुसऱ्या डोळ्याला होईल का?" डॉक्टर म्हणाल्या, "होऊ नये म्हणूनच ॲडमिट करतोय."

झालं. ॲडमिट केल्यावर दोन दिवसांतच उजव्या डोळ्यासमोर धुकं आलं.

पायाशी कोण उभं आहे

वॉर्डमध्ये सकाळची सुरुवात चहाच्या ट्रॉलीनं व्हायची. मग बोटाला टोचून साखर बघायची, मग स्टेरॉइडची बाटली लावायची. ते औषध अंगात गेलं की तोंडात लोखंड चघळल्यासारखी चव यायची. भूक इतकी लागायची की शेजारणीच्या डब्याचा वास आला तरी राग यायचा, आणि पुढच्या मिनिटाला उगीच हसू. नंतर मशीन लावून रक्तातलं पाणी बदललं. त्यातलं मला फार कळलं नाही आणि मी फार विचारलंही नाही.

तिथं मंगल नावाच्या मावशी होत्या. चादरी बदलायच्या, बाथरूमला न्यायच्या. पहिल्या दिवसापासून त्या कॉटजवळ आल्या की म्हणायच्या, "मंगल आलीय बरं का." जाताना, "मंगल चालली." त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. मोठमोठे डॉक्टर न बोलता येऊन पापणी वर करायचे आणि मी दचकायचे. मंगलमावशींच्या येण्यानं मी एकदाही दचकले नाही.

सगळ्यात वाईट दुपार भेटीच्या वेळची. शेजारच्या कॉटवर माणसं आली होती, गलका चालला होता. मी त्या दिशेला तोंड करून हसत होते. बऱ्याच वेळानं माझ्या पायाशी कुणीतरी नाक ओढलं. आर्या होती. नववीतली मुलगी शाळेतून थेट आली होती, पायाशी उभी राहून मी तिच्याकडं बघण्याची वाट बघत होती. मी बघितलंच नव्हतं.

"आई, मी आर्या," ती म्हणाली. तेव्हापासून ती घरात कुठल्याही खोलीत शिरताना हे तीन शब्द म्हणते. आधी मला ते ऐकून रडू यायचं. आता मी म्हणते, "माहितीय गं, तुझ्या चपलांचा आवाज जिन्यापासून येतो."

उरलेली कड

घरी आले तेव्हा डावा डोळा गेलेला होता. खिडकी कुठं आहे एवढंच त्याला कळायचं. उजव्याच्या मधोमध धुकं आणि कडेनं थोडं दिसणं, एवढं परत आलं होतं. म्हणजे समोर माणूस उभा आहे हे कळतं, चेहरा नाही. बस आहे हे कळतं, तिच्यावर काय लिहिलंय ते नाही. डॉक्टरांनी खरं तेच सांगितलं, "आता यापुढं फार सुधारणा होईल असं मला वाटत नाही. गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत. असलेलं सांभाळायचंय."

असलेलं सांभाळायचं म्हणून मला घरच्यांनी शोकेसमध्ये ठेवल्यासारखं ठेवलं. सासूबाई मावळातलं गाव सोडून आमच्याकडं राहायला आल्या. मी गॅसजवळ गेले की ओरडायच्या, "सर तिथनं! भाजून घेशील!" पाणी प्यायला उठले तरी, "काय पायजे? मी देते. तू बस." मी बसले. बसून बसून कंबर धरली. बाई आजारातून उठते म्हणतात, पण मला कुणी उठूच देईना.

अशात जाधव सरांचा फोन आला. बोर्डावर रंग ओळखायचं काम आता जमणार नाही हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. पण नव्या मुलींना शिकवायला ट्रेनिंग रूममध्ये माणूस हवा होता. कनेक्टर नीट बसला की 'टक्' असा आवाज येतो, मग वायर ओढून बघायची, सुटली नाही तर काम पक्कं. हे कान आणि बोटं यांचं काम. "तुम्ही कराल का?" त्यांनी विचारलं. मी लगेच हो म्हटलं. मग ते जरा अडखळत म्हणाले, "एकच आहे मॅडम. वरून परवानगी मिळालीय, कंपनीची बसही आहे, पण रोज तुम्हाला आणायला-सोडायला माणूस देता येणार नाही. यायचं तुमचं तुम्हाला."

काम समोर होतं. मोशी ते चाकण हा रस्ता तेवढा मधे होता.

मला रस्त्यावर सोडा

पहिले काही आठवडे संतोष मला बाइकवर सोडायचे. आमचं घर मोशीला. त्यांचं वर्कशॉप भोसरीला, म्हणजे एका बाजूला, आणि माझी कंपनी चाकणच्या पुढं, बरोबर उलट्या बाजूला. मला गेटवर सोडून ते त्याच गर्दीतून उलटे जायचे. मालक बोलायला लागला. एका संध्याकाळी जेवताना ताटात हात तसाच ठेवून त्यांना डुलकी लागली.

मी म्हटलं, "उद्यापासून नका सोडू."

"मग काय करू? तुला रस्त्यावर सोडू?"

"हो. रस्त्यावरच सोडा."

त्यावर आमचं असं भांडण झालं की शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. ते ओरडले, "तुला काही झालं तर?" मी ओरडले, "झालंय की! अजून काय व्हायचंय?" सासूबाई मधे पडल्या, "आगं बाय, दोन डोळं असून माणसं त्या रोडवर मरत्यात. कशापायी जीव घालतीस? आमी हाय न्हवं?"

त्या खोटं बोलत नव्हत्या. तो हायवे मी डोळे असतानाही धावत ओलांडायचे.

निर्मलाताई

हॉस्पिटलमधून एक नंबर मिळाला होता. निर्मलाताई. त्यांना जन्मापासून दिसत नाही. ज्यांची नजर नंतर जाते त्यांना त्या पांढरी काठी घेऊन चालायला शिकवतात. त्या पिंपरीहून एकट्या आमच्या घरी आल्या. सासूबाईंनी दार उघडलं आणि त्यांच्या मागं कुणी आहे का ते शोधत राहिल्या.

काठी मला नको होती. अगदी नको होती. काठी हातात घेतली की सोसायटीतले सगळे बघणार. ताई म्हणाल्या, "बघू देत की. तुला थोडंच दिसणार आहे?" मी इतक्या दिवसांनी पोट धरून हसले.

पार्किंगमध्ये काठीचे धडे सुरू झाले. ते होईपर्यंत संतोषच सोडत राहिले. पहिल्याच दिवशी मी चेअरमनच्या स्कूटरला ठोकलं आणि तिचा अलार्म वाजायला लागला. ताई शांतपणे म्हणाल्या, "छान. स्कूटर सापडली. आता तिच्या बाजूनं जा."

चालणं जमायला लागल्यावर मी विचारलं, "पण ताई, चाकणला जायचं कशानं? सगळ्यात चांगली गाडी कुठली?"

"चांगली कुणासाठी?" त्या म्हणाल्या. "मी सिटी बसनं जाते. तिचा थांबा ठरलेला असतो आणि कंडक्टरला विचारता येतं. माझी मैत्रीण व्हीलचेअरवर आहे, ती बसच्या पायऱ्यांना हात जोडते. तिला मेट्रो आवडते, लिफ्ट असते म्हणून. पण मेट्रोपर्यंत पोचायला रिक्षा लागते आणि व्हीलचेअर बघितली की रिक्षावाला पुढं निघून जातो. मग ती ओळखीचे दोन रिक्षावाले धरून आहे, ते गावाला गेले की ही घरात. आमचे एक पोलिओवाले काका आहेत. त्यांनी स्कूटरला जादा चाकं बसवून घेतली. कुणाच्या बापाला विचारावं लागत नाही म्हणतात, पण पावसात भिजतात. आणि एका मुलीला ऐकू येत नाही. ती रिक्षात पुढंच बसते, रस्ता बघता यावा म्हणून."

"मग मी?"

"आधी तू काय बघायचीस?"

"जी पहिली येईल ती."

"आता हे बघ की कुठल्या गाडीत तुला कमीत कमी माणसांचे पाय धरावे लागतात. आणि जाता येतं तशी ती परतही आणते का."

आजवर मला मिळालेल्या सगळ्या सल्ल्यांत हा एक खिशात ठेवण्यासारखा होता.

पांढऱ्या बसची रांग

सिटी बस मी करून पाहिली. कंडक्टर भले होते, पण आमच्या थांब्यावर बस कधी पुढं थांबायची, कधी मागं, आणि मी अंदाजानं तिच्याकडं जाईपर्यंत निघालेली असायची. कंपनीची बस त्यापेक्षा बरी वाटली. दारात उतरवते, सोबत सुरेखा. ती रोज माझ्या दंडाला धरून चढवायची. मी घरी सांगितलं, "झालं, प्रश्न मिटला."

मग सुरेखाची आई पडली आणि ती सांगोल्याला निघून गेली.

संतोष म्हणाले, "मी सोडतो." मी म्हटलं, "नाही." काठी पर्समध्ये घडी घालून ठेवली होती. सोसायटीबाहेर ती मी अजून उघडलेली नव्हती. मोशीच्या चौकात उभी राहिले.

सकाळी तिथं ज्यानं उभं राहून पाहिलंय त्याला माहीत आहे, कंपन्यांच्या बसची रांगच लागते. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या चाकणच्या, काचेच्या मागं लावलेल्या पाटीवर काय ते नाव. एक पांढरं माझ्यासमोर थांबलं. दार उघडल्याचा आवाज आला. मी विचारलं, "चाकण?"

"चाकण, चाकण. बसा लवकर."

कंपनीचं नाव विचारायचं होतं. मागं माणसं होती, लाज वाटली. चढले.

बसमध्ये कुणी बोलत नव्हतं. सकाळच्या शिफ्टला सगळे झोपलेलेच असतात म्हणून मी मनावर घेतलं नाही. इंद्रायणीचा पूल गेला, तिथं गार वारा लागतो. चिंबळी फाटा गेला असावा. मी वाट बघत होते चाकणच्या ट्रॅफिक जामची. तो रोज असतोच. चौकाच्या बऱ्याच आधीपासून गाड्या अडकतात, हॉर्न वाजतात, ट्रकचा धूर आत येतो. आम्ही त्याला रोज शिव्या घालायचो.

त्या दिवशी जाम लागलाच नाही. बस डावीकडं वळली आणि छान, सरसर निघाली. हा माझा रस्ता नव्हता.

शेजारच्या मुलीला विचारलं, "ही गाडी कुठल्या कंपनीची?" तिनं जे नाव सांगितलं ते आमच्या कंपनीचं नव्हतं.

"मावशी, तुम्ही चुकीच्या बसमध्ये बसलात. पाटी नाही का बघितली?"

मागून कुणीतरी हसलं. मी म्हटलं, "नाही बघितली. मला दिसत नाही."

अनोळखी माणसांसमोर हे मी पहिल्यांदा बोलले. बसमध्ये सगळे एकदम बोलायला लागले. कुणी म्हणे थांबवा, कुणी म्हणे पाणी द्या. ड्रायव्हर ओरडला, "मधेच कुठं उतरवू रे बाईमाणसाला? गेटवर नेतो." सगळी बस माझी काळजी करत होती, आणि मला मात्र बसच्या फरशीत गडप व्हावंसं वाटत होतं.

गेटवर सिक्युरिटीच्या काकांनी खुर्ची दिली. "ताई, घरी फोन लावा. कुणीतरी न्यायला येईल."

फोन हातातच होता. संतोषना लावला असता तर ते चालू मशीन बंद करून आले असते. एक शब्द बोलले नसते. आणि उद्यापासून मी पुन्हा त्यांच्या मागं बाइकवर, नाहीतर घरात. दोन्हीतलं काहीही झालं तरी कुणी मला दोष दिला नसता. हे सगळं मला त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या स्वच्छ कळलं. मी फोन पर्समध्ये टाकला आणि काठी बाहेर काढली.

"काका, इथून चाकणला काय जातं?"

"शेअर रिक्षा जातात फाट्यावरनं. पण तुम्ही कशा जाणार? असं सरळ जायचं, मग असं..."

"हात नका दाखवू काका. तोंडानं सांगा."

ते ओशाळले. मग खरोखर चांगलं सांगितलं. गेट सोडू नये अशी त्यांची ड्युटी, पण कंपाउंड वॉल संपेपर्यंत माझ्याबरोबर आले. भिंत डाव्या हाताला ठेवायची, पुढं वडापावच्या गाडीचा तळणीचा वास येईल, तिथून उतार लागेल, उतार संपला की फाटा.

काठी उघडली. टक, टक. शेजारून ट्रेलर जात होते, जमीन हादरत होती. एकदा काठी उघड्या गटाराच्या कडेवर अडली आणि मी जागच्या जागी गोठले. काठी नसती तर पाय आत होता. पाठीवरून घामाचा ओघळ चालला होता. तळणीचा वास आला. गाडीवाला म्हणाला, "जरा उजवीकडनं या ताई, बादली हाय." उतार लागला. आणि खालून हाक ऐकू आली.

"चाकण चाकण चाकण! ए चाकण! चला चाकण!"

आयुष्यभर तो ओरडा ऐकला होता. डोकं उठायचं त्यानं. त्या सकाळी मी रस्त्याच्या कडेला उभी राहून तो ऐकत राहिले. माझ्यासाठी त्या रस्त्यावर कुणीतरी पाटी मोठ्यानं वाचत होतं. बस गुपचूप येते, गुपचूप जाते. रिक्षा स्वतःचं नाव सांगते, कुठं जाणार ते सांगते, मी पोचेपर्यंत सांगतच राहते.

"दादा, चाकण चौक?"

"बसा ताई. ओ दीदी, जरा सरका आत, ताईंना कडेला बसू द्या."

चौकाच्या आधी रिक्षा थांबली. पुढं हॉर्न, मागं हॉर्न, धूर. चाकणचा जाम! मला इतका आनंद झाला की मी हसायला लागले. शेजारची बाई म्हणाली, "काय झालं हो?" मी म्हटलं, "काही नाही. बरोबर रस्त्यावर आहे."

चौकात उतरले तर पलीकडून "म्हाळुंगे म्हाळुंगे" चालूच होतं. एका कॉलेजच्या मुलीला म्हटलं, "मला रस्ता ओलांडायचाय, तुझा दंड धरू का?" मी तिचा दंड धरला. तिनं मला धरलं नाही, मी तिला धरलं. दुसरी रिक्षा. कंपनीचं गेट.

जाधव सर ट्रेनिंग रूमच्या दारात उभे होते. "अहो मॅडम, कुठं होतात? फोन का नाही केला?"

"केला असता तर तुम्ही गाडी पाठवली असती."

"अर्थातच!"

"म्हणूनच नाही केला, सर."

मग मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि भिंतीला टेकून उभी राहिले. तोंड धुतलं. बाहेर येऊन मुलींना म्हटलं, "चला, कनेक्टर घ्या हातात. मला टक् ऐकू आलं पाहिजे."

ही माझी सून हाय

संध्याकाळी घरी सगळं सांगितलं. संतोष गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यांचा राग माझ्यावर नव्हता, पण होता. नंतर आत येऊन म्हणाले, "ते गटार कुठल्या बाजूला होतं?" मी सांगितलं. "हं," म्हणाले. त्या 'हं'मध्ये त्यांनी मला रस्त्यावर सोडलं.

सासूबाईंनी विचारलं, "भ्याली न्हाईस?"

"खूप भ्याले, आई."

"मंग?"

"भीत भीत आले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तर त्यांनी पदर खोचला आणि माझ्याबरोबर मोशीच्या रिक्षा स्टँडवर आल्या. माझा जीव अर्धा झाला. रांगेतल्या रिक्षावाल्यांसमोर उभ्या राहून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ए पोरांनो, हिकडं बघा! ही माझी सून हाय. हिला दिसत न्हाई. रोज चाकणला कामाला जाती. हिला हाताला धरून वढायचं न्हाई, नुस्तं तोंडानं सांगायचं. आणि हिचा नंबर आला की हाक मारायची. व्हय का न्हाई?"

"व्हय मावशी!" सगळे एकदम म्हणाले.

लाजेनं मेले असं वाटलं खरं. पण त्यातला गोरख नावाचा रिक्षावाला आजही मला लांबून बघून ओरडतो, "चाकण चाकण, मनीषाताई चाकण!" अख्ख्या मोशीला माझं नाव कळलंय.

माझी निवड

आता माझं बसलंय ते असं. सकाळी शेअर रिक्षा, चौकात बदलून दुसरी. संध्याकाळी कंपनीची बस, कारण तेव्हा ती गेटच्या आत ठरल्या जागी उभी असते, चुकायचा प्रश्न नाही. धो धो पाऊस असेल तर संतोषची बाइक, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. गोळ्या चालू आहेत. दर तपासणीच्या आधी छातीत धडधडतं. डाव्या डोळ्यातली खिडकी अजून जागेवर आहे. कधी कधी रिक्षात कुणीतरी "बिचारी" म्हणतं, ते ऐकू येतं. कान फार तीक्ष्ण झालेत ही त्यातली अडचण.

शेअर रिक्षाच घ्या असं मी कुणाला सांगणार नाही. तुमची गाडी वेगळी असेल. घरचे सांगतील ती सगळ्यात सुरक्षित असेल, पण ती तुमचीच असेल असं नाही. एकदा चुकीच्या गाडीत बसा, एवढंच म्हणते. त्याशिवाय बरोबर गाडी सापडत नाही.

तळेगाव

मागच्या महिन्यात हॉस्पिटलमधून माझा नंबर घेऊन एका माणसाचा फोन आला. तळेगाव दाभाड्याचे. त्यांच्या बायकोला, प्राचीला, माझाच आजार. "मॅडम, ती खोलीतून बाहेर येत नाही. मी तिला तुमच्याकडं घेऊन येऊ का?"

"नको," मी म्हटलं. "मीच येते."

तळेगावला मी एकटी कधी गेले नव्हते. निर्मलाताईंना विचारलं, दोन वेगवेगळे रस्ते ऐकले, त्यातला लोकलचा घेतला. मोशीहून बसनं चिंचवड स्टेशन. हमालांना विचारून दिव्यांगांचा डबा जिथं लागतो तिथं उभी राहिले. डब्यात कुबड्यांवरचे एक आजोबा होते, त्यांनी प्रत्येक स्टेशनचं नाव आधीच सांगून टाकलं. देहूरोडनंतर हवा बदलते, वास बदलतो, हे मला माहीत नव्हतं. तळेगावला उतरले, रिक्षा केली, दोन जिने चढले, बेल वाजवली.

प्राचीच्या नवऱ्यानं दार उघडलं. आतून कॉटच्या कुरकुरण्याचा आवाज आला आणि एक बारीक आवाज, "कोण आलंय?"

"मी मनीषा. मोशीहून."

"या ना. आणि तुमच्याबरोबर कोण आहे?"

"कोणी नाही."

 मी चपला काढल्या, काठीची घडी घातली, भिंतीला हात लावत तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. मग ती उठून बसल्याचं ऐकू आलं. तिनं विचारलं,

"कशानं आलात?"

मी तिच्या शेजारी बसले आणि सांगायला सुरुवात केली.